नळ आणि गटार यांमधील वीतभर अंतर

दक्षिण दिल्लीत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी वसलेले मुनिरका हे मूळचे जाटांचे खेडे. त्याच्या शेतजमिनी महानगराच्या वसाहतींखाली गेल्या, आणि उरलेल्या गावठाणात, जेथे ऊनही क्वचितच जमिनीपर्यंत पोचते अशा गल्ल्यांतून, विद्यार्थी व नोकरदार भाडेकरूंनी भरलेल्या चार-पाच मजली इमारती परस्परांना खेटून उभ्या राहिल्या. अशा गल्लीत नळाची नळी आणि गटार यांच्यामध्ये फार तर वीतभर अंतर असते, आणि पुष्कळदा तेवढेही नसते, कारण घरजोडणीची नळी गटार ओलांडूनच उंबऱ्यापाशी येते. पाणी ठराविक वेळीच सुटत असल्यामुळे घरोघरी त्याच वेळी टुल्लू पंप सुरू होतात; त्या ओढीने वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, की गंजलेल्या सांध्यांतून भोवतालचा द्रव आत शिरतो, मग शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी कितीही निर्दोष असो.

केंद्रापाशीही सारे आलबेल असते असे नाही. यमुनेत हरियाणाच्या बाजूने अमोनियाचा लोंढा आला, की वझिराबादच्या केंद्राला उत्पादन कमी करावे लागते, कारण अमोनिया क्लोरीनला खाऊन टाकतो आणि जंतुनाशनासाठी क्लोरीन उरत नाही. पिण्याच्या पाण्यात अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक नसावा असे मानक सांगते, आणि साधारण एक मिलिग्रॅमच्या पुढे तो गेला की तेथील यंत्रणा हात टेकते.

हे मानक म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५, तर फ्लोराइडची १ आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ अशी सारी कोष्टके रेखीवपणे मांडलेली आहेत. परंतु नळाने पाणी पुरविणाऱ्या संस्थेवर ती पाळण्याची कायदेशीर सक्ती नाही, आणि माझ्या मते मूळ गोम तेथेच आहे. पाणी नासविणाऱ्यास अटकाव करणारा कायदा आपल्याकडे आहे (महाराष्ट्राने तो १९६९ मध्येच केला, केंद्राने १९७४ मध्ये), पण पाणी पिणाऱ्याचा हक्क सांगणारा तसाच दस्तऐवज नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी शहरांतील नळाच्या पाण्याविषयीचा ब्यूरोचा अहवाल जाहीर केला, तेव्हा मुंबईचे दहाही नमुने कसोटीस उतरले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. दिल्ली सरकारने तो निष्कर्ष अमान्य केला आणि वाद राजकारणात शिरला. मुंबईकराने फुशारकी मारण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की दहा नमुने म्हणजे एवढ्या मोठ्या शहराची परीक्षा नव्हे. मुनिरक्यासारख्या गल्लीच्या शेवटच्या नळावर, पंप चालू असतानाच्या वेळी घेतलेला एक नमुना मला अधिक बोलका वाटेल.

पावसाच्या पाण्याची कथा याहून विस्कळीत आहे. दिल्लीतील पावसाळी नाले सार्वजनिक बांधकाम खाते, महानगरपालिका, विकास प्राधिकरण अशा अनेक दप्तरांत वाटले गेले आहेत आणि मैलावाहिन्या जल बोर्डाकडे. सांडपाणी पावसाळी नाल्यांत सोडू नये अशी शिफारस, मुनिरक्यापासून दूर नसलेल्या आयआयटीने २०१८ च्या जलनिस्सारण आराखड्यात केली, पण नाल्यांचा वास अद्याप तिला दाद देत नाही. शिवाय पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरचे तेल, ब्रेकच्या झिजेतील तांबे आणि टायरांची भुकटी वाहून जाते, आणि ही भुकटी निरुपद्रवी नव्हे: अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर कोहो सामन मासे का मरतात याचा छडा २०२० मध्ये लागला, तेव्हा दोषी ठरले ते टायरच्या रबरातील एका संरक्षक द्रव्यापासून बनणारे रसायन. आपल्या मानकात त्याचे नाव नाही. न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी ज्या दोहोंना अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, त्यांचेही नाही.

आणि पावसाचे हेच पाणी भूगर्भात मुरवावे असा सरकारी आग्रह आहे. द्वारकेतील सोसायट्यांच्या पुनर्भरण-खड्ड्यांतील पाणी तपासले असता त्यात अमोनिया आढळला, आणि ते प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले.