तिखटाची आग जिभेला लागते, जंतूंना नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या स्वयंपाकघरात तिखटावर जेवढा जीव असतो तेवढाच विश्वासही असतो. घरी खिम्याचे समोसे किंवा खिम्याच्या करंज्या करायच्या ठरल्या की सारणात तिखट सढळ हाताने पडतं, आणि ते नुसतं चवीसाठी पडत नाही. मसाला जबर असला की मटण लवकर बिघडत नाही, तिखटाने पोटातले जंतू मरतात, शिवाय वरून कढईत तळायचंच आहे, मग काळजी कशाची, असं बोलताना सहज ऐकू येतं. यातल्या पहिल्या दोन समजुतींमध्ये एकच गफलत आहे. जे काम उष्णतेचं, वेळेचं आणि कोरडेपणाचं आहे, ते आपण मिरचीवर सोपवतो. मिरची चव देते आणि ती भरपूर द्यावीही, पण मांसाची राखण करणं तिला जमत नाही.

तिखट लागतं म्हणजे नेमकं काय होतं, हे विज्ञानाने आता चांगलं उलगडलं आहे. मिरचीतला कॅप्सायसिन हा घटक जिभेवरच्या एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं आणि त्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. हेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची खरी उष्णताही मेंदूला कळवतं. म्हणून तिखट खाल्लं की तोंड भाजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात मात्र तोंडाचं तापमान वाढलेलं नसतं. सारणात भिवापुरी मिरची घाला नाहीतर आणखी जहाल एखादी, खिमा त्यामुळे एका अंशानेही जास्त शिजत नाही. रंगाचंही तसंच आहे. मिरचीचा लाल रंग वेगळ्या रंगद्रव्यांचा असतो, त्याचा तिखटपणाशी संबंध नाही; आणि तिखटपणाही बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये अधिक असतो. स्वयंपाक करणाऱ्याने हा लाल रंग वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवावा. लालभडक मसाल्यात खिमा शिजला की कच्चा राहिला, हे डोळ्यांना कळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. उष्ण प्रदेशांतच मसाले जास्त का वापरले जातात? जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ३६ देशांतल्या ४,५७८ मांसाहारी पाककृती तपासल्या आणि सांगितलं, की हवामान जितकं उष्ण तितके मसाले अधिक, कारण मसाले जंतूंना रोखतात. लसूण, लवंग, दालचिनी यांचे अर्क काचेच्या बशीत जंतूंची वाढ रोखतात, हे खरंच आहे. पण बशीतला अर्क आणि अर्धा किलो खिम्यात पडलेला चमचाभर मसाला यांची बरोबरी होत नाही. पुढे २०२१ मध्ये लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी ७० खाद्यसंस्कृतींतल्या ३३ हजारांहून अधिक पाककृती घेऊन हाच प्रश्न नव्याने तपासला, तेव्हा मसालेदार जेवण हा संसर्गापासून बचावाचा उपाय म्हणून रुजला, याला फारसा आधार सापडला नाही. दुसरी बाजू तर क्वचितच कोणी सांगतं. उन्हात जमिनीवर वाळवलेले मसाले स्वतःच जंतूंचे बीजाणू घेऊन येऊ शकतात. हे बीजाणू कोरड्या डब्यात महिनोन्महिने तग धरतात आणि साध्या शिजवण्याने मरत नाहीत. म्हणून गरम मसाला खिमा उतरवल्यावर वरून न भुरभुरता शिजतानाच घालावा. तेवढ्याने बीजाणू संपत नाहीत, पण सोबतचे बाकीचे जंतू तरी मरतात.

आता या बीजाणूंना आपल्या उन्हाळ्याशी जोडून पाहा. मांसाच्या पदार्थांतून विषबाधा करणाऱ्या जंतूंमध्ये क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा एक मोठा गुन्हेगार आहे. त्याची वाढ साधारण १२ ते ६० अंशांदरम्यान होते आणि सर्वांत जोमात ४३ ते ४७ अंशांना. अनुकूल स्थितीत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. म्हणजे दुपारी शिजवून ओट्यावर झाकून ठेवलेला खिमा या जंतूला हवं तेच तापमान तासन् तास पुरवत असतो. शिजवताना बाकीचे जंतू मेलेले, बीजाणू तेवढे उरलेले, वर झाकण घट्ट बसलेलं आणि पातेल्याच्या पोटात हवा नाही. या जंतूला हवेची गरजच नसते. ‘शिजवलेलं आहे, काही होत नाही’ हे वाक्य डिसेंबरात जेवढं धोक्याचं, त्याच्या कितीतरी पट मे महिन्यात. खिमा शिजला की परातीत पातळ पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी आणि लगेच भरायचा नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हा एका तासाचाच हिशेब लागू पडतो.

कढईचा भरवसा हा पुढचा गैरसमज. तेल १७०-१८० अंशांवर असतं, मग आतला खिमा कच्चा कसा राहील, हा प्रश्न रास्त वाटतो. पण सारणात ओल आहे तोवर ते १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि उष्णता पारीतून आत शिरायला वेळ घेते. वरचा रंग सोनेरी झाला म्हणून मधलं सारण तापलं असेल असं नाही. खिम्याच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आत-बाहेर सगळीकडे मिसळले जातात, म्हणून खिमा मधोमध ७१ अंशांपर्यंत तापावा लागतो, कोंबडीचा असेल तर ७४. कोणी म्हणेल, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची पेस्टी तर कच्चं मांस भरूनच करतात. करतात, पण ती भट्टीत पाऊण तासाच्या आसपास भाजली जाते. क्रिमियातल्या तातारांच्या चेबुरेकमध्येही कच्चा खिमा असतो, पण पातळ थापलेला. आपला पोट फुगलेला समोसा या दोन्हींत बसत नाही, म्हणून त्यात खिमा आधी शिजवूनच भरावा. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारातलं जेवण पाहिलेल्या इब्न बतूताने समोशाचं वर्णन केलं आहे, त्यातही बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाल्यांसोबत आधी शिजवलेला खिमा पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला आहे. बटाटा हिंदुस्थानात यायला तेव्हा अजून शतकं बाकी होती, म्हणजे खिम्याचा समोसा हा बटाट्याच्या समोशाचा नवा अवतार, हा समजही इथेच गळून पडतो.

जंगलपट्टीत आणखी एक समज ऐकू येतो, की रानातल्या जनावराचं मांस शुद्ध असतं. रानडुक्कर हे ट्रायकिनेला या कृमीचं जगभर ओळखलं गेलेलं आश्रयस्थान आहे आणि तिखटाने ही कृमी मरत नाही. त्याआधी कायदा आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकार आणि तिचं मांस जवळ बाळगणं गुन्हा आहे. तेव्हा खिमा बोकडाचा किंवा कोंबडीचाच.

तो धुवावा का? बहुतेक घरांत खिमा तीन-चार पाण्यांतून काढल्याशिवाय समाधान होत नाही. पण पाण्याने जंतू मरत नाहीत. ते शिंतोड्यांबरोबर मोरीत, ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर जातात. मांसाचा रस वाहून जातो आणि बारीक खिमा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. दुकानातल्या धुळीचं काय, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे अखंड तुकडे घ्यावेत, धुवायचेच तर ते हलक्या धारेखाली धुऊन पूर्ण निथळावेत, मगच खिमा करून घ्यावा आणि हाडाची कपची राहिली नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावं.

धरून ठेवलेलं हेच पाणी पुढे पारीचं नुकसान करतं. समोसा तळताना फुटला की दोष मैद्याला दिला जातो, पण बहुतेकदा आतल्या ओलीची वाफ कडा उचकटून बाहेर पडलेली असते. म्हणून खिमा त्याच्याच सुटलेल्या पाण्यात शिजवावा आणि मग झाकण काढून परतत राहावा. आधी कढईत खळखळ चालते, मग आवाज बारीक होतो, शेवटी दाणे एकमेकांपासून सुटतात आणि उलथनं बाजूला ओढलं की तळाशी पाण्याऐवजी फक्त तूप-तेल चकाकतं. तिथे थांबावं. कांदा आधीच लाल परतलेला असावा, कच्चा नको. तेल कडकडीत तापलं की समोसा खुसखुशीत होतो हेही खरं नाही. फार तापल्या तेलात पारीला बाहेरून रंग लवकर येतो, पोटातलं पाणी तिथेच राहतं आणि थंड होताना तेच पाणी तिला मऊ पाडतं. मोहन नीट चोळलेली, घट्ट मळलेली पारी मध्यम आचेवर तळावी. समोशाभोवतीचे बुडबुडे विरळ होत गेले की पाणी गेलं असं समजावं. विदर्भात सावजी रश्श्याला जवसाच्या तेलाची चव मानतात आणि ती खरोखर वेगळी आहे, पण घाण्याचं जवस तेल कमी तापमानालाच धूर सोडतं. ते तळणाला वापरू नये.

उरलेलं सारण किंवा समोसे दुसऱ्या दिवशी पुन्हा तळले की निर्धोक होतात, ही शेवटची समजूत. परफ्रिंजन्सची वाढलेली पिलावळ पुन्हा वाफाळेपर्यंत गरम केल्याने बरीचशी मरते, त्यामुळे ही समजूत अगदीच खोटी नाही. पण समोसे-करंज्या हातांनी भरायच्या असतात आणि आपल्या त्वचेवर, नाकात, बोटांवरच्या जखमेत स्टॅफिलोकॉकस हा जंतू राहतो. तो सारणात वाढला तर असं विष सोडतो जे उकळूनही टिकतं. जंतू मेला तरी विष उरतं, आणि ओकाऱ्या सुरू व्हायला कधीकधी तासाभराचाही अवधी लागत नाही. म्हणून भरण्याआधी साबणाने हात धुवावेत, बोट कापलेलं असेल तर भरायचं काम दुसऱ्याकडे द्यावं, सारण थोडं थोडंच बाहेर काढावं आणि भरलेले नग कच्चेच ठेवायचे असतील तर ताटासकट फ्रिजमध्ये जावेत. गडचिरोलीहून सिरोंच्या-भामरागडच्या लांब वाटेला डबा न्यायचा असेल तर उन्हाळ्यात त्यात खिमा भरू नये. तेलात कोरड्या तळलेल्या साध्या पुऱ्या आणि मिरचीचा ठेचा बरोबर घ्यावा, आणि खिम्याचे समोसे घरीच, कढईतून काढल्या काढल्या खावेत.