विज्ञानाचा पैसा आणि त्याचा हिशेब

विज्ञानावर सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. तो कोणाच्या हाती सोपवावा, हा प्रश्न मात्र जिवंत आहे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन इंजिनिअरच्या चरित्रात तो स्वच्छ दिसतो.

बुश यांचा जन्म १८९० सालचा. १९१३ मध्ये पदवी घेऊन ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये यंत्रतपासणीच्या कामाला लागले. पण कारखान्यात आग लागली आणि ती नोकरी गेली. पुढे डॉक्टरेट मिळवून १९१९ पासून ते एम.आय.टी.मध्ये शिकवू लागले. विजेच्या जाळ्यातील किचकट समीकरणे सोडविणारे चाकादांड्यांचे यंत्र त्यांनी सहकाऱ्यांसह तेथेच उभारले. १९३२ मध्ये ते त्या संस्थेचे उपाध्यक्ष झाले.

महायुद्धात सरकारी संशोधनाची सूत्रे त्यांच्याकडे आली. शास्त्रज्ञांना गणवेश न चढविता त्यांनी विद्यापीठांशी करार केले. रडार आणि पेनिसिलिन यांना त्यातून गती मिळाली. अणुबाँबचे आरंभीचे कामही त्यांच्याच देखरेखीखाली झाले.

जुलै १९४५ मध्ये त्यांनी अध्यक्ष ट्रूमन यांना अहवाल दिला. मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, पण त्याची दिशा शास्त्रज्ञांनी ठरवावी. उच्च शिक्षण घरच्या ऐपतीवर नव्हे, गुणवत्तेवर मिळावे, हे त्याचे सार. दुसरा मुद्दा कोणत्याही कामगार वस्तीला पटेल.

पहिल्यावर मात्र भांडण झाले. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर किलगोर म्हणत, पैसा जनतेचा, तर त्यातून निघालेली पेटंटेही जनतेची, आणि कारभारही जनतेला जबाबदार असावा. बुश यांना अनुकूल असलेले विधेयक १९४७ मध्ये ट्रूमन यांनी याच जबाबदारीच्या मुद्द्यावर नाकारले. अखेर १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले. त्याचा संचालक अध्यक्षांनी नेमावा, असे ठरले. पेटंटांबाबत मात्र किलगोर यांच्या मनासारखे झाले नाही.

मला दोघांचेही अर्धे म्हणणे पटते. संशोधकाच्या डोक्यावर मुकादम बसवून शोध लागत नाहीत. पण युनियनचा चिटणीस कितीही जाणता असला, तरी वर्गणीचा हिशेब त्याला सभासदांपुढे मांडावाच लागतो. ज्ञानाच्या कारभाराला निराळा न्याय का असावा?