भंगारातला वायरलेस पुन्हा बोलतो

पोलिसांच्या जीपमध्ये किंवा आगीच्या बंबावर बसवलेला वायरलेस संच तुम्ही पाहिला असेल. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. असाच एक जुना संच काही वर्षांपूर्वी मला नागपुरात एका भंगारवाल्याकडे मिळाला. (माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) पेटीत बोटभर धूळ होती, पण वीज जोडताच स्पीकरमधून खरखर ऐकू आली. संच जिवंत होता! मग तो भंगारात कसा आला?

असे संच बिघडल्यामुळेच टाकले जातात असे नाही. पुष्कळदा नियम बदलतात म्हणून टाकले जातात. अमेरिकेत १९६० च्या दशकात व्यावसायिक संचांनी अधिक अरुंद पट्ट्यात बोलावे असे ठरले आणि चांगले चालणारे जुने संच कवडीमोलाने विकले गेले. हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, ते उचलले.

माझा संच १५५ मेगाहर्ट्झवर बोलत असे. आपल्या देशात हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. येथे लहरीची लांबी सुमारे २ मीटर भरते (३०० ला १४५ ने भागून पहा). तेव्हा प्रश्न एवढाच, की १५५ वरून १४५ वर यायचे कसे?

संचाची वारंवारता क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक ठरवतो. तो १५५ मेगाहर्ट्झने कंप पावत नाही. माझ्या संचातला स्फटिक १२.९१६७ मेगाहर्ट्झचा होता. पुढचे तीन टप्पे त्या वारंवारतेची अनुक्रमे ३ पट, २ पट आणि पुन्हा २ पट करतात. एकूण १२ पट. म्हणजे १४५ साठी १२.०८३३ मेगाहर्ट्झचा स्फटिक हवा. तो मागणीप्रमाणे करून घ्यावा लागला.

पण नुसता स्फटिक बदलून भागत नाही. प्रत्येक टप्प्यात कॉइल आणि कंडेन्सरची जोडी असते आणि ती ठराविक वारंवारतेलाच प्रतिसाद देते. ही वारंवारता त्या दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५५ भागिले १४५, त्याचा वर्ग १.१४; म्हणजे गुणाकार १४ टक्क्यांनी वाढवला पाहिजे. कॉइलमधला फेराइटचा गाभा थोडा आत फिरवला की बहुतेक काम होते. मात्र स्क्रू-ड्रायव्हर प्लॅस्टिकचा घ्यावा. लोखंडी घेतला तर तोच कॉइलचा गुणधर्म बदलतो, आणि हात काढताच सगळे मुसळ केरात!

खरी गंमत, आणि खरा धोका, पुढेच आहे. पट करणारा टप्पा हवी तेवढीच पट करत नाही. त्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट सगळेच निघते. नको ते गाळणे हे कॉइलचे काम. पहिल्या टप्प्यानंतर आपल्याकडे ३६.२५ मेगाहर्ट्झ असतात. त्याची तिप्पट १०८.७५. विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे संकेत १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्येच असतात, आणि आमच्या शहरात सोनेगावला विमानतळ आहे!

पहिल्या जुळणीनंतर माझा वॅटमीटर छान वर चढला. मी खूश झालो. पण वॅटमीटर शक्ती किती ते सांगतो, ती कोणत्या वारंवारतेची ते सांगत नाही. वर्णपट दाखवणारे उपकरण जोडले तेव्हा १४५ च्या शेजारी १०८.७५ वरही एक सुळका उभा दिसला. नशिबाने अँटेना जोडलेला नव्हता. सारी शक्ती ५० ओहमच्या रोधात उष्णता होऊन जात होती. दोन संध्याकाळी कॉइल पुन्हा जुळवल्यावर तो सुळका दिसेनासा झाला. परवान्यासाठी परीक्षा का घेतात, हे मला त्या उपकरणाच्या पडद्यावर नीट कळले.

ऐकण्याच्या भागाला वेगळा स्फटिक असतो. आलेल्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने कमी अशी लहर संचातच तयार होते. स्फटिक तिच्या एक तृतीयांश. १४५ साठी तो ४४.७६६७ मेगाहर्ट्झचा झाला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर शाळांतील मुलांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर येतो. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तेथून हॅम रेडिओवर भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला. तो आवाज ऐकायला या संचात कोणता स्फटिक बसवावा लागेल? कागद घ्या आणि काढून पहा.