ॲल्युमिनियम सांगून वितळत नाही!

आजोबांच्या जुन्या गाडीचा फाटलेला पत्रा जोडायचा म्हणून मेकॅनिकलचा एक विद्यार्थी वेल्डिंग शिकायला बसला. परीक्षेत दहा मार्कांत संपणारी गोष्ट हातात यायला चार महिने लागले.

लोखंड तसं प्रामाणिक असतं. तापायला लागलं की आधी काळपट लाल होतं, मग लालभडक, मग नारिंगी. बघणाऱ्याला कळतं, की आता थांबायला हवं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. ते शेवटपर्यंत चंदेरीच दिसतं. ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण रंग बदलून आधी इशारा वगैरे देत नाही. गॅसवर दूध ठेवून क्षणभर मान वळवली की जे होतं, तेच इथे होतं. फरक एवढाच, की ओटा पुसता येतो. पत्र्याला पडलेलं भोक पुसता येत नाही.

हे मला सांगितलं पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मित्राने. हॉस्टेलवर त्याचं नाव पडलंय 'पत्रावाला', तर इथेही तेच वापरू. गेल्या दिवाळीपासून त्याचे बहुतेक रविवार भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलेत. कारण एकच, साताऱ्याकडच्या गावी गोठ्याशेजारी उभी असलेली आजोबांची लँड रोव्हर.

गंजत नाही म्हणे!

गाडी आहे 'सीरीज टू-ए', म्हणजे १९६१ ते १९७१ या काळात निघालेलं मॉडेल. आजोबांनी ती लिलावात घेतली होती. लँड रोव्हर पहिल्यांदा जगासमोर आली ३० एप्रिल १९४८ रोजी, ॲमस्टरडॅमच्या मोटार शोमध्ये. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि ब्रिटनमध्ये पोलादावर रेशनिंग होतं. म्हणून चासी पोलादाची ठेवली आणि अंगावरचा पत्रा वापरला 'बर्माब्राइट'चा. ॲल्युमिनियममध्ये थोडं मॅग्नेशियम घालून केलेला हा मिश्रधातू. बर्मिंगहॅमला बनायचा, म्हणून हे नाव. दार्जिलिंगकडे मानेभंज्यांग ते संदकफू या चढावर अजूनही जुन्या लँड रोव्हर पर्यटकांना घेऊन धावतात.

'ॲल्युमिनियमची बॉडी आहे, गंजायची नाही', असं पत्रावाल्याच्या घरी सगळे समजून होते. ते अर्धंच खरं निघालं. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. पण जिथे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकतात आणि मध्ये पाणी जातं, तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते. या गाडीचं डावं पुढचं मडगार्ड नेमकं तिथेच, बोल्टांच्या आजूबाजूला खाल्लं गेलं होतं आणि तिथून वर वीतभर फट गेली होती.

गावाजवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सरळ उपाय सांगितला. आतून पट्टी रिव्हेट करू, वरून पुट्टी भरू, रंग मारू, कुणाला कळणारही नाही. पण खालची फट तशीच राहिली तर खडखडाटाने पुट्टी पुन्हा तडकणार. शिवाय दुसरी एक अडचण होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल, तर २० हजार रुपये भरून तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यामुळे मूळ पत्रा जितका टिकेल तितका पत्रावाल्याला हवा होता. या मडगार्डचं एक बरं असतं, ते बोल्टने बसवलेलं असतं. त्याने ते सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि एका मित्राच्या पिकअपमधून पुण्याला आणलं.

मशीनचा झोल

पहिला धडा ऑनलाइन खरेदीचा. 'टिग वेल्डिंग मशीन' असं लिहिलेलं एक स्वस्त, आटोपशीर मशीन त्याने मागवलं. वर्कशॉपमध्ये टिगला सरसकट 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात. टंगस्टनच्या टोकातून आर्क निघतो, भोवती आर्गन वायूचं कवच असतं आणि भरायचा रॉड दुसऱ्या हाताने द्यायचा. मशीन आलं, लावलं आणि पत्रा नुसता काळा पडला. कारण ते फक्त डीसी होतं. लोखंड आणि स्टेनलेस स्टीलसाठी ते चालतं. ॲल्युमिनियमसाठी टिगमध्ये एसी लागतो.

का लागतो, हे समजलं की निम्मा विषय समजतो. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ. पण आतला धातू ६६० अंशांना वितळतो आणि हा थर दोन हजार अंशांच्याही पुढे! म्हणजे खाली दूध उकळतंय आणि वर साय तशीच घट्ट. आतला धातू पातळ होऊन बसतो, थर त्याला धरून ठेवतो आणि मग एकदम सगळंच खाली गळतं. एसीमध्ये करंटची दिशा सेकंदाला कित्येकदा उलटते. एका दिशेला पत्र्यात उष्णता जाते, उलट दिशेला वरचा ऑक्साइड फुटून निघतो. वेल्डच्या दोन्ही बाजूंना दव पडल्यासारखी पांढरट पट्टी दिसली, तर समजायचं की सफाई होतेय.

'हेच मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं,' पत्रावाला म्हणतो. 'मार्कही चांगले पडले होते.'

पाय, हात, डोळे

आता त्याच्या गुरूबद्दल. भोसरीच्या त्या वर्कशॉपमधला हा मुलगा आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून आलेला. वय बावीस, म्हणजे विद्यार्थ्यापेक्षा एखाद्या वर्षानेच मोठा. रेडिएटर, इंटरकूलर, दुधाच्या टाक्या, ॲल्युमिनियमचं जे येईल ते तो जोडतो. तो याला 'इंजिनीअरसाहेब' म्हणतो. हा त्याला 'भाऊ' म्हणतो.

भाऊने मडगार्डाला हात लावू दिला नाही. आधी तीन मिलिमीटरची पट्टी दिली आणि रॉडही दिला नाही. नुसता आर्क लावायचा, धातूचा चकचकीत थेंब तयार होऊ द्यायचा आणि तो थेंब सरळ रेषेत पुढे न्यायचा. बस, एवढंच. दोन रविवार तेच.

काम ऐकायला सोपं आहे. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात रॉड, पायाखाली करंट कमी-जास्त करणारं पेडल. आईला शिलाई मशीनवर बघितलं असेल, तर अंदाज येईल. पाय वेग ठरवतो, हात कापड सरकवतात, डोळे सुईवर. इथे सुई म्हणजे टंगस्टन, आणि ते पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर तरंगतं ठेवायचं. थेंबाला जरा जरी टेकलं की टोकावर ॲल्युमिनियम चढतं, आर्क भरकटतो आणि उठून ग्राइंडरवर टोक पुन्हा घासावं लागतं. पहिल्या दिवशी वेल्डिंग कमी आणि घासणंच जास्त झालं.

मग दोन मिलिमीटर, मग सव्वा. पत्रा पातळ होत जातो तसा वेळ कमी होत जातो. ढोबळ हिशोब असा, की एका मिलिमीटरला चाळीसेक अँपिअर. म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याला पन्नासच्या आसपास. पण हा आकडा सुरुवातीपुरताच. ॲल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या चार-पाच पट वेगाने पसरवतं. सुरुवातीला पत्रा थंड असतो, करंट पुरत नाही. दोन इंच पुढे गेलात की सगळा पत्रा तापलेला असतो आणि तोच करंट भोक पाडतो. त्यामुळे पुढे जाता जाता पाय हळूहळू वर घ्यावा लागतो. कधी घ्यायचा? थेंबाकडे बघून. थेंब आरशासारखा चमकला की रॉड टेकवायचा. रॉडने तो जरा थंड होतो, मग पुढे सरकायचं. थेंब खाली बसायला लागला की उशीर झाला.

सरावासाठी माल फुकट मिळाला तो स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे. सेक्शनचे उरलेले तुकडे, जवळपास तेवढ्याच जाडीचे. पण त्यांवर ॲनोडायझिंग असतं, म्हणजे मुद्दाम जाड केलेलं ऑक्साइडच. ते घासून काढल्याशिवाय आर्क ऐकत नाही. घासायला स्टेनलेस स्टीलचा ब्रश, आणि तोही फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला. लोखंडावर फिरवलेला ब्रश इथे आणला तर लोखंडाचे कण आत जातात. आधी ॲसिटोनने तेल पुसायचं, मग ब्रश. उलट केलं तर ब्रशच तेल पसरवतो. तेल किंवा ओलावा राहिला तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू थिजताना बाहेर पडू बघतो. परिणाम काय, तर जाळीदार ढोकळा! वरून छान दिसणारा वेल्ड ग्राइंडर मारल्यावर भोकाभोकांचा निघतो.

रील्समध्ये गॅसच्या छोट्या टॉर्चने एक रॉड वितळवून दोन मिनिटांत ॲल्युमिनियम जोडून दाखवतात, ते बघितलंच असेल. ते रॉड बहुतेकदा जस्ताचे असतात आणि ते वेल्डिंग नव्हेच, एक प्रकारचं डाग देणं आहे. किरकोळ वस्तूला ते चालून जातं. पण एकदा तिथे जस्त गेलं की पुढे आर्गन वेल्डिंग नीट होत नाही. भाऊकडे असे 'आधी घरी ट्राय केलेले' तुकडे नियमित येतात.

मडगार्डचा दिवस

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाऊ म्हणाला, 'आणा आता ते.'

पत्र्यात खूप भुकटी झालेला भाग होता, तो वेल्ड होणार नव्हताच. तो कापून काढला आणि तेवढाच तुकडा नव्या पत्र्यातून कापला. कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातून नवी चीर सुरू होते. पत्रा घेतला ५०५२ जातीचा, म्हणजे बर्माब्राइटसारखाच मॅग्नेशियमवाला. रॉड ५३५६, त्यातही मॅग्नेशियम. दुकानात सहज मिळणारा ४०४३ हा सिलिकॉनचा असतो. मॅग्नेशियम जास्त असलेल्या पत्र्यात तो गेला तर जोड ठिसूळ होऊ शकतो. जुने कारागीर तर त्याच पत्र्याची बारीक पट्टी कापून रॉड म्हणून वापरतात. वर गेलेल्या फटीच्या टोकाला आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती आणखी पुढे धावणार नाही.

खाली तांब्याची पट्टी लावली, जादा उष्णता शोषून घ्यायला. मग टाके. एक इकडे, एक तिकडे, मध्ये थांबून. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट पसरतं, त्यामुळे एका टोकापासून सलग जोडत गेलं तर पत्रा तळलेल्या पापडासारखा वाकतो. दोन-अडीच सेंटिमीटर जोडायचं, हात लावण्याइतकं गार होऊ द्यायचं, मग दुसरीकडे जायचं. वीतभर फट आणि हाताच्या पंजाएवढा तुकडा, याला पूर्ण दुपार गेली.

चारच्या सुमारास खालच्या कडेला, जिथे जुना पत्रा आतून झिजलेला होता, तिथे थेंब बसला आणि वाटाण्याएवढं भोक पडलं. पत्रावाल्याने तिथेच आर्क धरून रॉड रेटायला सुरुवात केली.

'पाय काढा साहेब! पाय!' भाऊ ओरडला.

पाय काढला. पाच मिनिटं कुणी काही केलं नाही. मग भोकाच्या कडेला एक ठिपका, थांबा. त्याच्या शेजारी दुसरा, थांबा. भोक कडेकडेने लहान होत बंद झालं. नंतर आतून डॉली धरून बाहेरून हलका हातोडा मारला, वेल्ड घासला. पुट्टी अगदी नखाएवढी लागेल. तिरक्या उजेडात धरलं तर पत्र्यावर एक हलकी लाट दिसते. ती तशीच राहू दे, असं त्याने ठरवलंय.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती भाऊची हाक. आर्क कसा चालतो हे पत्रावाल्याला भाऊपेक्षा जास्त पानं लिहून सांगता येईल. पण थेंब बसतोय हे भाऊला त्याच्याआधी दिसलं. ते पुस्तकात मिळत नाही, व्हिडिओतही नाही, कारण व्हिडिओ तुम्हाला 'पाय काढ' म्हणत नाही. आयटीआय आणि इंजिनीअरिंग कॉलेज एकाच शहरात असतात, पण तिथली मुलं एकमेकांना भेटतात ती थेट कंपनीत, एक टेबलाच्या या बाजूला आणि एक त्या. इथे एका मडगार्डमुळे ती चार महिने आधी भेटली. आता उलटाही व्यवहार सुरू झालाय. भाऊला ड्रॉइंगवरची वेल्डिंगची चिन्हं वाचायला शिकायचंय, आणि ते पत्रावाल्याला उत्तम येतं. उजवं मडगार्ड पुढच्या महिन्यात.

हात घालण्याआधी

• डोळे: चकचकीत ॲल्युमिनियमवरून अतिनील किरण परावर्तित होतात. ऑटो-डार्क हेल्मेट हवंच, शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही काच हवी. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.
• कपडे: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. सिंथेटिक टी-शर्ट नको, तो वितळून अंगाला चिकटतो.
• हवा: आर्गन हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत ऑक्सिजनची जागा घेतो. खड्डा, तळघर, बंद गॅरेज टाळा.
• सफाई: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर आर्क अजिबात लावू नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या आणि त्याचा डबा दूर ठेवा.
• रंग: जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं. घासताना चांगला मास्क लावा.
• मशीन: विकत घेण्याआधी 'एसी/डीसी टिग' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. त्याहीआधी एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन चार रविवार बसा.