व्होल्ट, अँपिअर आणि दुकानाच्या विजेचा हिशेब

नारायण पेठेतून लक्ष्मी रस्त्याकडे येताना बोळाबोळांत कापडधंद्याला जोडून चालणारी छोटी दुकाने लागतात. कुठे फॉल-पिको, कुठे ब्लाऊज शिलाई, कुठे साडीप्रेस. (पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटते की नारायणपेठी साडी याच पेठेतली. ती तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. असो.) कापड मीटरवर मोजून, पोत बघून घेणारा आपला दुकानदार वीज मात्र न मोजता घेतो. बिल आले की कुरकुर करतो आणि तार तापली की वायरमनला हाक मारतो.

वास्तविक हा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबासारखाच आहे. भाव गुणिले माल म्हणजे रक्कम, तसे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. व्होल्ट हा विजेचा दाब, अँपिअर हा वाहणारा प्रवाह, आणि वॅट म्हणजे त्यातून होणारे काम किंवा उष्णता. दाबाला प्रवाहाने भागले की ओहम मिळतात, म्हणजे तार किंवा यंत्र प्रवाहाला किती अडवते ते. मराठी पुस्तकांत याला रोध म्हणतात, आमच्या उर्दू शाळेत मज़ाहमत म्हणत, वायरमन रेझिस्टन्स म्हणतो. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला, म्हणून त्याचे नाव.

आता उदाहरण घेऊ. प्रेसवाल्याची इस्त्री १००० वॅटची आहे आणि आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा. १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० ला ४.३५ ने भागा, इस्त्रीच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स साधारण ५३ ओहम येतो. संध्याकाळी दाब २०७ व्होल्टवर उतरला, म्हणजे दहा टक्के कमी झाला, तर उष्णताही दहा टक्केच कमी होईल असे वाटते. तसे होत नाही. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागावे लागते, तेव्हा ८१० वॅट येतात. जवळजवळ एकोणीस टक्के घट. इस्त्री तापायला उशीर का होतो, याचे उत्तर यात आहे. इस्त्री बिघडली म्हणून कारागिरावर ओरडण्याआधी व्होल्ट बघावेत.

बिलाचे गणितही यातूनच येते. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट. इस्त्री गरम झाल्यावर थर्मोस्टॅटने मधूनमधून बंद होते, म्हणून सहा तासांचे सहा युनिट होत नाहीत, कमीच होतात.

पण बिलापेक्षा मोठी गोष्ट तारेची आहे. समजा मेन बोर्डापासून प्रेसच्या टेबलापर्यंत वीस मीटर अंतर आहे आणि तार एक चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन चाळीस मीटर तार, तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.७ ओहम. एक इस्त्री लावली तर तारेत फक्त १३ वॅट उष्णता तयार होते. त्याच तारेवर दुसरी इस्त्री लावली की प्रवाह ८.७ अँपिअर होतो आणि तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ५३ वॅट. कारण इथे अँपिअरचा वर्ग करून ओहमने गुणायचे असते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर हीच उष्णता २१ वॅटवर येते. तारेत वाचवलेले पैसे कुठे जातात ते यावरून कळावे. शिवाय ६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून दोन इस्त्र्या चालवणे म्हणजे सरळसरळ दीडपट भार झाला.

याहून वाईट सैल सांधा. जुन्या वाड्यांत पट्टीवरचे वायरिंग अजून सापडते, कुठे अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याला पीळ देऊन जोडलेली. अशा सांध्यात अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स आला तरी ८.७ अँपिअरला ३८ वॅट उष्णता एका टिचभर जागेत तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे तिच्याहून गरम वस्तू लाकडी पट्टीवर, कापडाच्या गठ्ठ्यामागे दिवसभर चालू आहे असे समजा. आणि एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो. उरुळी देवाचीला ९ मे २०१९ च्या पहाटे साड्यांच्या गोदामात आग लागून आत झोपलेले पाच कामगार गेले. मार्च २०२१ मध्ये कॅम्पातली फॅशन स्ट्रीट जळाली. आगीचे निमित्त काहीही असो, कापड पेटल्यावर वेळ मिळत नाही.

मोजायचे कसे? ओहम मोजताना प्लग काढलाच पाहिजे. चालू विजेवर मल्टीमीटर ओहमवर ठेवू नये. इस्त्रीचा आकडा थंडीतही जवळपास खरा येतो, पण जुन्या पिवळ्या दिव्याचा येत नाही. १०० वॅटचा दिवा पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, थंड असताना चाळीसच्या आसपास भरतो. शिलाईयंत्राच्या मोटरला तर हा हिशेब लावूच नये. मोटरचे व्होल्ट गुणिले अँपिअर खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतात, तिथे पाटीवरचे वॅट वाचावेत. प्रवाहासाठी क्लॅम्प मीटर उत्तम, तार तोडावी लागत नाही. मात्र तो एकाच तारेभोवती धरावा, दोन्ही तारा एकत्र धरल्या तर शून्य दाखवतो.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे मीटर मिळतात. चार दुकानदारांनी मिळून एक घेतला तरी पुरे. भर कामाच्या वेळी एकदा एकूण अँपिअर मोजा, २३० ने गुणा, आणि वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराशी ताडून पाहा. हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट. आकडा वर जात असेल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करावा, आणि अर्जाबरोबरच परवानाधारक वायरमनकडून बोर्डातला एकेक स्क्रू आवळून घ्यावा.