बाजरीची बिस्किटे आणि मोहाचे मोल

धान्याची प्रतिष्ठा ते कोण खातो यावर ठरते. मराठवाड्यात गव्हाची पोळी सणावाराला आणि पाहुण्यारावळ्यांसाठी, तर बाजरी-ज्वारीची भाकरी रोजच्या जेवणाला, असा अनेक घरांचा शिरस्ता होता. हाती चार पैसे आले की ताटातून प्रथम भाकरी मागे पडे. आज तीच बाजरी शहरी दुकानांतून आकर्षक वेष्टनातील बिस्किटांच्या रूपाने परत येत आहे आणि तिच्या सोबतीला मोहफुले, चारोळी, डिंक असा रानमेवाही आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. शासनाने भरड धान्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. नाव बदलले, वेष्टन बदलले, भावही बदलला. प्रश्न एवढाच उरतो की, या वाढलेल्या भावातील वाटा कोणाच्या पदरात पडतो?

छत्रपती संभाजीनगरला या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने बाजरीचे दोन लोहसमृद्ध संकरित वाण देशाला दिले. एएचबी १२०० हा वाण २०१७ साली प्रसारित झाला. त्याच्या एक किलो धान्यात ७३ मिलिग्रॅम लोह असते. २०१८ साली आलेल्या एएचबी १२६९ मध्ये हे प्रमाण ९१ मिलिग्रॅम आहे. प्रचलित वाणांत ते ४५ ते ५० मिलिग्रॅमच असते. या वाणांच्या नावातील पहिले अक्षर याच शहराच्या जुन्या नावाचे, म्हणजे औरंगाबादचे आहे.

या लोहाची गरज किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीवरून कळते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. लोहसमृद्ध बाजरीचा उपयोग होतो, याचा पुरावाही महाराष्ट्राच्याच ग्रामीण शाळांतून मिळाला आहे. १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांपैकी काहींना अशा बाजरीचे आणि इतरांना साध्या बाजरीचे पदार्थ रोज देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता, त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र ही मुले बाजरी महिनोन् महिने, दोन्ही वेळा, जेवणाच्या प्रमाणात खात होती, हे विसरता कामा नये.

मग बिस्किटाचे प्रयोजन काय? ते आहे, आणि सबळ आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणूनच घरोघरी ते थोडे थोडे दळून आणले जाई. नोकरी करणाऱ्या गृहिणीला हे नेहमी जमतेच असे नाही. धान्यावर उष्णतेची योग्य प्रक्रिया केली तर हा दोष बराच आटोक्यात येतो आणि भाजलेला पदार्थ अधिक टिकतो. शिवाय पावाप्रमाणे बिस्किटाला फुगावे लागत नाही. त्यामुळे गव्हाचा चिकटपणा बाजरीत नसला तरी अडत नाही. वाळलेल्या मोहफुलांची नैसर्गिक गोडी मिळाली तर साखरही कमी लागते. लहान मुलाच्या हाती भाकरीऐवजी बिस्किट देणे सोपे जाते, हाही व्यवहार आहेच.

पण आता थोडा हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी बाजरीची आधारभूत किंमत क्विंटलला २,७७५ रुपये, म्हणजे किलोला पावणेअठ्ठावीस रुपये ठरली. वाळलेल्या मोहफुलांना केंद्राने २०२० साली किलोमागे ३० रुपये आधारभूत किंमत दिली होती. शंभर ग्रॅमच्या पुड्यात निम्मी बाजरी आणि दहा ग्रॅम मोहफुले धरली, तर या दरांनी बाजरीचे एक रुपया चाळीस पैसे आणि मोहाचे तीस पैसे होतात. शेतकरी आणि वेचणारा आदिवासी, दोघांचे मिळून एक रुपया सत्तर पैसे! उरलेली रक्कम तूप-लोणी, इंधन, मजुरी, वेष्टन, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि जाहिरात यांत जाते. उद्योजकाने धोका पत्करलेला असतो. त्याला नफेखोर म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही. परंतु मूल्य कच्च्या मालात नसून प्रक्रियेत निर्माण होते, हा अर्थशास्त्राचा साधा धडा येथे लख्ख दिसतो. बाजरीला नवी प्रतिष्ठा मिळाली तरी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी मका आणि कपाशीकडे का वळला, याचे उत्तरही त्यातच आहे.

मोहाची कथा आणखी कष्टाची. मराठवाड्यात जंगल थोडे. त्यातही नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरचा पट्टा महत्त्वाचा. वसंत ऋतूत पहाटेपासून झाडाखाली वाकून फुले वेचायची, वाळवायची आणि गरजेपोटी मिळेल त्या भावाने विकायची, हा आदिवासी कुटुंबांचा क्रम. मोहफुलापासून दारू होते म्हणून कायद्याने या फुलावरच पहारा बसवला होता. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आणि राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठवले ते २०२१ साली. अन्न म्हणून मोहाला मोकळीक मिळायला एवढा काळ जावा लागला.

करधोरणातही विसंगती आहे. ज्या पिठात वजनाने किमान ७० टक्के भरड धान्य आहे, त्याला ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने सवलत मिळाली: सुटे पीठ करमुक्त, वेष्टनबंद पिठावर ५ टक्के वस्तू व सेवा कर. बिस्किटांवर मात्र सरसकट १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, हे स्वागतार्हच. पण तोही सरसकट. त्यामुळे नव्वद टक्के मैद्यात चिमूटभर बाजरी घालणारा आणि खरोखर बाजरीचे बिस्किट करणारा, दोघेही करापुढे सारखेच. ‘तृणधान्ययुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात त्या धान्याचे किमान प्रमाण काय असावे, याचा जो दंडक पिठाला लावला, तो बिस्किटालाही लावण्यात अडचण कोणती?

दंडक येईपर्यंत ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. पहिले नाव मैद्याचे आणि पुढचे साखरेचे असेल, तर दर्शनी भागावरील कणसाच्या चित्राला फारसा अर्थ नाही. आणखी एक गोष्ट आपल्या सवयीची. बिस्किट म्हटले की सोबत चहा आलाच. पण चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते. पोषणासाठी घेतलेले बिस्किट चहात बुडवून खाणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. त्याऐवजी आवळा किंवा पेरू सोबत असेल तर लोह अधिक अंगी लागते.

खरा उपाय मागणीच्या बाजूने आहे. १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी मराठवाड्याच्या स्मरणात आहे. पूरक अन्नाचा सर्वांत मोठा ग्राहक शासन होऊ शकते, हे तेव्हाही दिसले. आज अंगणवाड्या, आश्रमशाळा आणि शालेय पोषण आहार यांसाठी होणाऱ्या खरेदीतील ठराविक हिस्सा महिला बचत गटांच्या आणि वनधन केंद्रांच्या मालासाठी राखून ठेवावा. त्यात लोहसमृद्ध वाणाचीच बाजरी असावी आणि मोहफुले ग्रामसभांकडून घ्यावीत. निश्चित मागणी असेल तर किनवटच्या गटाला भट्टी घालण्यासाठी कर्ज देताना बँकही कचरणार नाही आणि पैठणच्या शेतकऱ्याला बाजरी पेरताना धीर येईल.

बिस्किट भाकरीची जागा घेऊ शकत नाही. तिने ती घेऊही नये, असा आग्रह आहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण बिस्किटाच्या वाटेने का होईना, बाजरी पुन्हा घरात येत असेल तर ती पिकवणाऱ्याच्या आणि मोह वेचणारीच्या घरातही काही घेऊन गेली पाहिजे. पुड्यामागे एक रुपया सत्तर पैशांवर ही अपेक्षा पुरी होणारी नाही.