माशाच्या पोटातली मोलाची पिशवी

ऑगस्ट २०२१ मध्ये विरारच्या उत्तरेस असलेल्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले. लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले! एवढी किंमत का बरे आली? घोळ चवीला उत्तम खरा. पण खरे मोल होते त्याच्या पोटातल्या पिशवीचे. आपले कोळी बांधव तिला 'बोत' म्हणतात. शास्त्रीय नाव वाताशय.

या पिशवीत वायू असतो. तो कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. पिशवी बनते ती कोलॅजेन या प्रथिनाची. दोरीला पीळ असावा तशा त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. पाण्यात तापवले की हा पीळ सुटतो आणि तयार होते जिलेटिन. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, ते याच पदार्थामुळे.

माशांच्या कोलॅजेनचा पीळ जनावरांच्या कोलॅजेनपेक्षा कमी तापमानाला सुटतो. म्हणून वाताशयाचा गोंद मंद आचेवर तयार होतो. रशियात स्टर्जन माशाचा असा गोंद जुनी चित्रे दुरुस्त करण्यासाठी वापरतात.

दुसरा उपयोग याहून गमतीचा आहे. वाळवलेले वाताशय न तापवता सौम्य आम्लात भिजवतात. या द्रावाला आयसिंग्लास म्हणतात. इंग्लंडमध्ये गढूळ बिअर निवळण्यासाठी तो वापरीत आले आहेत. कोलॅजेनवर धन विद्युतभार असतो, तर यीस्टच्या पेशींवर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर काय होते, ते आठवा!

आज मात्र घोळीच्या बोताला भाव येतो तो मुख्यतः चीनकडील मागणीमुळे. तेथे सुक्या वाताशयाचे सूप पौष्टिक मानतात. पण मोठा भाव माशाला महागात पडतो. घोळीच्या कुळातले मासे अंडी घालण्यासाठी थव्याने जमतात, त्यामुळे एका जाळ्यात अनेक सापडतात. याच कुळातल्या मेक्सिकोच्या टोटोआबाची गोष्ट बोलकी आहे. त्याच्या वाताशयासाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकून व्हाकिटा हा चिमुकला सागरी सस्तन प्राणी नामशेष होण्याच्या काठावर आला आहे.

अर्नाळ्याच्या बंदरावर गेलात, तर तेथील जुन्या जाणत्या कोळ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या तरुणपणी घोळ किती मिळत असे, आणि आता किती मिळतो? उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि वर्गात त्यांवर चर्चा करा.